आमच्या वयाची पुस्तके : काही प्रांजळ मते

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी बडोद्याला आत्याकडे राहून आले. तिकडे काय काय पाहिलेस, असे विचारणाऱ्यांना मी लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग, न्यायमंदिर अशी नावे सांगते. परंतु खरे सांगायचे तर बहुतेक दुपारी मी आत्याच्या दिवाणखान्यात पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचल्या. बडोद्याचे मे महिन्यातले ऊन ज्यांनी सोसले आहे ते मला दोष देणार नाहीत. ही पुस्तके बहुतेक आमच्या वयाच्या, म्हणजे साधारण दहा-बारा ते वीस वर्षांच्या, मुलामुलींविषयीची होती. त्यांच्याविषयी मला जे वाटले ते येथे लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. आवडले ते आवडले म्हणायचे आणि कंटाळा आला तेथे कंटाळा आला म्हणायचे, एवढेच जमते.

या वाचनाला निमित्त झाला माझा आतेभाऊ. वय पंधरा, यंदा दहावीत गेला. शाळा इंग्रजी माध्यमाची, मित्रांत गुजराती, घरात मराठी. हिंदीमुळे देवनागरी चांगली वाचतो, पण मराठी पुस्तकाला हात लावत नाही. आत्या एकदा म्हणाली, "अगं, मामंजींची पुस्तकं कपाटभर आहेत. मी आहे तोवर ठीक, माझ्यामागे रद्दीत जातील. तू मराठी शाळेत शिकलीस, बघ याला काही गोडी लागते का." २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा तिन्ही दिवस मांडवात जाऊन बसलेली ही बाई. तिच्या बोलण्यातली काळजी मला कळली. शेवटी असा करार झाला की दुपारी जेवणानंतर तासभर मी मोठ्याने वाचायचे, त्याने ऐकायचे आणि त्याबद्दल संध्याकाळी मी त्याला शेव-उसळ खाऊ घालायची. कपाटात नसलेली पुस्तके आत्याच्या वर्गणीवर ग्रंथालयातून आणली.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "ताई, जरा बारी बंद कर, ऊन येतंय." मला वाटले, कसली तरी पाळी संपवायला सांगतो आहे. बारी म्हणजे गुजरातीत खिडकी. मी हसले. त्याचा चेहरा उतरला आणि पुढचे सर्व बोलणे तो इंग्रजीत बोलला. हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध आहे.

आरंभ अर्थातच भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने केला. भागवतांचा जन्म १९१० साली इंदूरचा, म्हणजे तेही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलखातले. त्यांचा फुरसुंगीचा बन्या फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो, 'ट्टॉक्' करतो आणि चोर-हेरांना पकडून देतो. सहावीत असताना मी ही पुस्तके ताटावरसुद्धा वाचली होती. गोष्टीचा वेग आजही तसाच आहे. भागवत कोठेही रेंगाळत नाहीत. पण विसाव्या वर्षी वाचताना एक गोष्ट खटकली. बन्या घाबरतो, धडपडतो, मात्र चुकत कधीच नाही. आतेभावाने २०१७ सालचा चित्रपट आधी पाहिला होता. त्यात फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण आहे. तो विचारू लागला, "पुस्तकात तो मोठा कधी होतो?" होतच नाही. चित्रपट काढणाऱ्यांना त्याला मोठा करावा लागला, यातच आपल्याकडची उणीव कोठे आहे ते दिसते. बारा वर्षांच्या मुलासाठी फेणे आहे. त्याच मुलाला मिसरूड फुटू लागली की त्याच्या हाती देण्याजोगे फारसे नसते. मग तो एकदम 'कोसला'कडे तरी जातो, नाही तर इंग्रजी पुस्तकांकडे. आणि बहुतेक वेळा कोठेच जात नाही.

येथे कोणी 'श्यामची आई'चे नाव घेईल. मुंजीत, वाढदिवसाला, बक्षीस समारंभात हेच पुस्तक मिळते. आमच्या घरी त्याच्या तीन प्रती आहेत. माझे मत असे की देणारे ते श्यामसाठी देत नाहीत, आईसाठी देतात. मुलांनी आईवडिलांचे ऐकावे, एवढाच अर्थ त्यांनी काढलेला असतो. वास्तविक साने गुरुजींचा श्याम पुष्कळदा चुकतो. पोहायला भिऊन दडून बसणारा श्याम मला लहानपणी फार जवळचा वाटला होता, कारण मीही विहिरीला भीत असे. पण शाळेत आम्हाला त्या प्रकरणावर प्रश्न आला तो 'या पाठातून कोणता बोध मिळतो?' असा. बोध लिहिला, पाच पैकी चार गुण मिळाले आणि श्याम माझ्यापासून दूर गेला.

यानंतर मिलिंद बोकील यांची 'शाळा'. ही कादंबरी २००४ सालची. नववीतला मुकुंद जोशी, त्याची टोळी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. काळ आणीबाणीचा. आतेभाऊ पहिल्या दहा पानांतच उठून नीट बसला. वर्गातल्या मुलांचे बोलणे, शिक्षकांच्या नकला, एखादी मुलगी दिसावी म्हणून काढलेले लांबचे रस्ते, हे सर्व त्याला ठाऊक होते. मराठीत ते छापलेले असू शकते हे ठाऊक नव्हते. आणीबाणी म्हणजे काय, हे त्याने विचारले तेव्हा मी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ ऐकत होते. त्यांनी सांगितले की, गुजरातेत मार्च १९७६ पर्यंत बाबूभाई पटेलांचे जनता मोर्चाचे सरकार होते, त्यामुळे दुसरीकडचे भूमिगत लोक येथे आसऱ्याला येत. जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरचा खटला तर या शहराच्याच नावाने, बडोदा डायनामाइट खटला म्हणून, ओळखला गेला आणि १९७७ साली तो काढून घेण्यात आला. मुलगा थक्क झाला. मराठी कादंबरीतला जोशी आणि आपली गल्ली यांचा काही संबंध असू शकतो, हे त्याला प्रथमच जाणवले.

'शाळा' मला आवडली, तरी मुलगी म्हणून एक तक्रार नोंदवते. तीनशे पाने जोशीला शिरोडकरविषयी काय वाटते ते आपण वाचतो. शिरोडकरला काय वाटते ते शेवटपर्यंत कळत नाही. गोष्ट जोशी सांगतो, तेव्हा हे स्वाभाविक आहे असे म्हणता येईल. मान्य. पण मग शिरोडकरची 'शाळा' कोण लिहिणार? नववीतल्या मुलीच्या मागे एखादा मुलगा रोज चालत येतो, तेव्हा तिच्या पोटात काय होते, घरी सांगावे की न सांगावे, सांगितले तर शाळा बंद होईल काय, या प्रश्नांवर कादंबरी व्हायला काय हरकत आहे? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना हा प्रश्न पडून गेलेला आहे.

तिसरे पुस्तक 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग' या १९३८ सालच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. मूळ पुस्तकाला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. सुरुवातीची पाने मला जड गेली. फ्लॉरिडातले ते जंगल, तिथली झाडे, अस्वलाची शिकार. दोन दुपारी आतेभाऊ चक्क झोपला. नंतर ज्योडीच्या बापाला साप चावतो, विष उतरवण्यासाठी तो एका हरिणीला मारतो आणि तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. तेथून पुढे झोप नाही.

हे पुस्तक वाणिज्य शाखेच्या मुलांनी अवश्य वाचावे असे माझे मत आहे. हसू नका. प्राण्यावरच्या प्रेमाच्या गोष्टी पुष्कळ असतात, पण येथे त्या प्रेमाचा जमाखर्च मांडलेला आहे. जमीन एवढीशी, तोंडे तीन, मका पिकला तर वर्ष निघणार. आणि मुलाचे लाडके पाडस वाढत जाऊन त्याच कोवळ्या मक्यावर तोंड टाकते. कुंपण उंच करून पाहतात, पुन्हा पेरून पाहतात. शेवटी ज्योडीला जे करावे लागते ते मी येथे सांगत नाही. एवढेच सांगते की बाप दुष्ट नाही, आई दुष्ट नाही, पाडसाचाही दोष नाही, आणि तरीही ते टळत नाही. वाचताना माझा आवाज बसला. आतेभाऊ पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेला तो अर्धा तास आला नाही. आल्यावर म्हणाला, "बापानं त्याला नंतर खरं सांगितलं, हे बरं केलं." मला वाटते, या वयाच्या वाचकाला एवढेच हवे असते. त्याला खरे सांगावे. सोसण्याची ताकद त्याच्यात असते.

बाबा भांड यांची 'दशक्रिया' याच कारणाने मनात राहिली. पैठणला गोदावरीच्या घाटावर दशक्रियेचे विधी चालतात आणि भान्या नावाचा मुलगा पाण्यातली राख चाळून त्यातून नाणी शोधतो. कोणाच्या घरचे माणूस जाते आणि त्यावर कोणाकोणाची चूल पेटते, हे तो लहान वयात शिकतो. मुलाच्या हाती चाळणी देऊन लेखकाने एक सबंध बाजार दाखवला आहे. काही ठिकाणी भान्याच्या पुढे जाऊन लेखक स्वतःच बोलू लागतो, असे मला वाटले. तेथे माझे लक्ष उडाले. या कादंबरीवरच्या चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण घाट डोळ्यांसमोर उभा राहायला मला पुस्तक पुरेसे झाले.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास'. ही कादंबरी नव्हे, कथासंग्रह आहे. परंतु 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००२) ही चारही पुस्तके लंपन या एकाच मुलाची असल्यामुळे ओळीने वाचली की कादंबरीसारखीच लागतात. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणारा लंपन. त्याचे गाव आपल्या भागातले. संतांच्या आई, कवयित्री इंदिरा संत, बेळगावच्याच. त्यामुळे लंपनच्या गावात मराठी आणि कानडी अशा मिसळलेल्या आहेत की कोणती कोठे संपते ते सांगता येत नाही. आपल्या वाचकांना हे सांगायला नको; आपण रोज असेच बोलतो.

दोष आधी सांगते. लंपनचे काही लाडके शब्द इतक्या वेळा येतात की चौथ्या कथेनंतर मोजावेसे वाटतात. काही कथांत घडत काहीच नाही. पण मी त्या मोठ्याने वाचू लागले आणि माझ्या लक्षात आले की कानडी शब्द आला की माझी जीभ अडखळत नाही, उलट मोकळी होते. आतेभावाच्याही ते लक्षात आले. तो म्हणाला, "ताई, हे असं पुस्तकात चालतं?"

"असं म्हणजे कसं?"

"म्हणजे... चुकीचं. दुसऱ्या भाषेतलं घातलेलं."

तेव्हा त्याने सांगितले. दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका लग्नात तो पुस्तकाला 'चोपडी' म्हणाला आणि खिडकीला 'बारी', तेव्हा बरोबरीच्या मुलांनी दिवसभर त्याची नक्कल केली. त्या दिवसापासून बडोद्याबाहेरच्या मराठी माणसाशी तो इंग्रजीत बोलतो. आणि या वेळी नक्कल न करता का होईना, हसणारी मी होते.

मला फार लाज वाटली. कारण हे सारे मला ठाऊक होते. आपल्याकडच्या मुली 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात. अकरावीच्या सुटीत मी एका शिबिराला गेले होते. तेथे मी "थांब की, मी येतो" म्हणाले आणि सबंध खोली हसली. पुढचे सहा दिवस मी प्रत्येक क्रियापद मनात तपासून बोलत होते. अजूनही परक्या माणसांत तपासते. हा लेखही तपासूनच लिहिला आहे. मी त्याला हे सर्व सांगितले. मग तो जरा वेळाने म्हणाला, "म्हणजे मी गोष्ट लिहिली आणि त्यात बारी लिहिली, तर?" मी म्हटले, "लिही की."

संतांनी लंपनच्या पहिल्या कथा लिहिल्यानंतर मधे फार मोठा खंड पडला आणि पुढच्या कथा उतारवयात लिहिल्या. इतक्या वर्षांनंतरही त्यांनी लंपनची जीभ धुऊन-पुसून प्रमाण केली नाही, हे त्यांचे आमच्यावर मोठे उपकार आहेत. २०२४ साली लंपनवर मालिकाही आली. ती पाहावी, पण आधी पुस्तक वाचावे. कारण लंपन डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक कळतो.

कन्नड विभागातल्या मित्रांनी रागावू नये म्हणून आणि खरोखर आवडले म्हणूनही, पूर्णचंद्र तेजस्वींच्या 'कर्वालो'चा उल्लेख करते. १९८० सालची ही कादंबरी मी मागच्या वर्षी कन्नडमधून, शब्द लावत लावत वाचली होती. बडोद्याला ती मी आतेभावाला सूरसागरच्या काठावर बसून चार संध्याकाळी तोंडी सांगितली. कर्वालो हे शास्त्रज्ञ. पण ज्याच्यावाचून त्यांचे चालत नाही तो मंदण्णा गावाच्या दृष्टीने बिनकामाचा, लग्नासाठी अधीर झालेला पोरगा आहे. त्याला मधमाश्या कळतात, रान कळते. उडणाऱ्या सरड्याच्या शोधात सगळे पश्चिम घाटाच्या रानात शिरतात. हे पुस्तक मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही, तरी कन्नड घरांतून बाप आणि मुलगा दोघेही ते वाचतात. मराठीत अशी दोघांची मिळून पुस्तके वाढली पाहिजेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. किशोरांसाठी म्हणून लिहिताना आपल्याकडे दोन भीती असतात. मुलगा चुकलेला दाखवला तर वाचणारा बिघडेल, ही एक. आणि भाषा मिसळलेली असली तर त्याची मराठी बिघडेल, ही दुसरी. त्यामुळे नायक स्वच्छ आणि भाषाही स्वच्छ. असे पुस्तक बक्षीस द्यायला बरे. पण पंधरा वर्षांचा मुलगा स्वतः स्वच्छ नसतो आणि त्याची भाषाही नसते. आपल्या चुकांनिशी आणि आपल्या बोलीनिशी ज्यात शिरता येते, ते आपल्या वयाचे पुस्तक. मग ते कपाटाच्या कोणत्याही कप्प्यात ठेवलेले असो. यावर कोणी म्हणेल की, मग शुद्ध मराठी शिकायची कोठून? शाळेतून शिकावी. मीही तेथेच शिकले आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण भाषा शिकायच्या आधी ती नकोशी होता कामा नये.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले असता हे फार जाणवले. काचेच्या फरशांचे मजले आणि लोखंडी मांडण्यांत ओळीने लावलेली पुस्तके तेथे आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ही ग्रंथालयांची व्यवस्था बसवली. पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवली. त्याआधी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हे करणारा माणूस मूळचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली, बाराव्या वर्षी, तो दत्तक म्हणून बडोद्याच्या राजवाड्यात आला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. त्याची बोली ऐकून राजवाड्यात कोणी हसले असेल काय? त्यांच्यावर मोठ्यांसाठी पुष्कळ लिहिले गेले आहे; बाबा भांडांनीही लिहिले आहे. पण गावची जीभ घेऊन परक्या घरात आलेल्या त्या बारा वर्षांच्या पोराची गोष्ट त्याच्याच तोंडून वाचायला मला आवडेल. ती एखाद्या बडोदेकरानेच लिहावी आणि तिच्यात खुशाल 'बारी' असावी.

आतेभाऊ काही मोठा वाचक झालेला नाही. मी निघेपर्यंतच्या आठ दिवसांत त्याने 'शारदा संगीत'मधल्या दोन कथा आपल्या आपण वाचल्या. दहावीचा अभ्यास सुरू झाल्यामुळे तिसरी राहिली आहे. मात्र स्टेशनवर सोडायला आला तेव्हा गाडी सुटताना त्याने मोठ्याने ओरडून सांगितले, "ताई, बारीजवळ बस, वारा लागेल." डब्यातले दोन-चार लोक वळून पाहू लागले. मीही तेवढ्याच मोठ्याने म्हटले, "बसतो की!"

ही माझी मते. चुकत असतील तर पुढच्या अंकात कोणीही खोडून काढावीत. मात्र खोडण्यापूर्वी पुस्तके वाचावीत, एवढी विनंती.